टर्मिनलमध्ये गिट चालतं, मग एडिटरमध्ये का अडतं?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

या वेळच्या टपालातली बहुतेक पत्रं एकाच तक्रारीची आहेत: टर्मिनलमध्ये गिट (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारा प्रोग्रॅम) मुकाट काम करतं, पण एडिटरमधलं तेच बटण दाबलं की लाल पट्टी येते. व्हीएस कोड किंवा इंटेलिजे हे एडिटर सोर्स कंट्रोल, म्हणजे बदलांची नोंद, स्वतः सांभाळत नाहीत. बटण दाबलं की ते मशीनवरच्या गिटला कमांड देतात आणि आलेलं उत्तर पॅनेलमध्ये नीटनेटकं मांडतात. टर्मिनलमध्येही चालतं ते गिटच. मग फरक पडतो कुठे? गिटची प्रत वेगळी, फोल्डर वेगळा किंवा एन्व्हायर्नमेंट वेगळं, या तिन्हींपैकी कशात तरी. खालची बहुतेक उत्तरं यातच बसतात.

म्हणून काहीही बदलण्याआधी लॉग वाचा. व्हीएस कोडमध्ये 'आउटपुट' पॅनेल उघडून उजवीकडच्या यादीतून 'गिट' निवडा. इंटेलिजेत गिटच्या टूल विंडोमध्ये 'कन्सोल' टॅब असतो. एडिटरने चालवलेली कमांड आणि गिटचं मूळ उत्तर दोन्ही तिथे मिळतात. कोपऱ्यात उगवणाऱ्या चौकटीतला मजकूर बहुतेकदा अर्धवट असतो, त्यावरून निदान करू नका.

छपाईच्या सोयीसाठी कमांड आणि सेटिंगची नावं देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती नेहमीच्या रोमन अक्षरांत लिहा. ठिपके आणि जोडरेषा जशाच्या तशा ठेवा.

प्रश्न: विंडोजवर गिट इन्स्टॉल केलं. टर्मिनलमध्ये 'गिट --व्हर्जन' बरोबर आकडा देतं, पण व्हीएस कोड म्हणतो, गिट सापडलं नाही. मॅकवरही एका सहकाऱ्याला हाच त्रास आहे.

विंडोजवर प्रत्येक प्रोग्रॅमला 'पाथ' (प्रोग्रॅम कुठल्या फोल्डरांत शोधायचे त्याची यादी) मिळतो तो सुरू होताना, त्याला सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमकडून. व्हीएस कोड आधीपासून उघडा असेल आणि गिट नंतर बसवलं असेल, तर त्याच्याकडे जुनाच पाथ आहे. 'रीलोड विंडो' केल्याने मूळ प्रोसेस बदलत नाही. सगळ्या खिडक्या बंद करा, टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेस उरली नाही ना ते पाहा आणि मग उघडा. तरीही जमलं नाही तर एकदा साइन आउट करून परत या. एखाद्या लाँचरमधून एडिटर उघडत असाल तर त्या लाँचरचाच पाथ जुना असतो.

दुसरं कारण इन्स्टॉलरमध्ये दडलेलं असतं. बसवताना 'फक्त गिट बॅशमधून वापरा' हा पर्याय निवडला गेला असेल तर पाथमध्ये काहीच भरलं जात नाही. मग गिट बॅशमध्ये सगळं छान आणि बाहेर शुकशुकाट. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'व्हेअर गिट' चालवून पाहा. पॉवरशेलमध्ये मात्र 'व्हेअर.ईएक्सई गिट' असं पूर्ण लिहा. तिथे नुसतं 'व्हेअर' हे वेगळ्याच कमांडचं टोपणनाव आहे, ते काहीही न छापता परत येतं आणि गिट नाहीच असा गैरसमज होतो. मार्ग सापडला की व्हीएस कोडच्या यूजर सेटिंगमध्ये 'गिट.पाथ' इथे तो पूर्ण भरा. सेटिंगची जेसन फाइल हाताने लिहीत असाल तर प्रत्येक उलटी तिरकी रेघ दोनदा द्यावी लागते. इंटेलिजेत 'व्हर्जन कंट्रोल' खाली 'गिट'मध्ये एक्झिक्यूटेबलचा मार्ग देऊन शेजारचं 'टेस्ट' बटण दाबा. व्हर्जन दिसली की झालं.

मॅकवर प्रकरण वेगळं आहे. तिथे 'यूएसआर/बिन' मधलं गिट हे खरं गिट नसून ॲपलच्या कमांड लाइन टूल्सकडे नेणारा दुवा असतो. मॅकओएसची मोठी अपडेट झाली की ही टूल्स कधी कधी गायब होतात आणि 'इनव्हॅलिड ॲक्टिव्ह डेव्हलपर पाथ' असा संदेश येतो. 'एक्सकोड-सिलेक्ट --इन्स्टॉल' चालवा आणि डाउनलोड पूर्ण होईपर्यंत थांबा. टर्मिनलमध्ये होमब्रूचं (मॅकवर प्रोग्रॅम बसवून देणारं साधन) गिट चालत असेल तर तिथे हा दोष दिसतच नाही.

डॉकवरून उघडलेल्या ॲपला शेलच्या स्टार्टअप फाइलमधला पाथ आपोआप मिळत नाही. व्हीएस कोड तो मिळवण्यासाठी पडद्यामागे एक शेल चालवून बघतो, पण शेल सुरू व्हायला फार वेळ लागला तर नाद सोडतो. शंका असेल तर एडिटर पूर्ण बंद करून टर्मिनलमधून 'कोड .' असा उघडा. असा उघडल्यावर चाललं, तर दोष गिटचा नसून तुमच्या स्टार्टअप फाइलचा आहे.

प्रश्न: प्रोजेक्ट उघडला तरी सोर्स कंट्रोलचं पॅनेल रिकामं. 'इनिशियलाइझ रिपॉझिटरी' हे बटण तेवढं दिसतं. दाबू का?

एवढ्यात नको. आधी त्या फोल्डरमध्ये 'गिट रेव्ह-पार्स --शो-टॉपलेव्हल' चालवा. रिपॉझिटरीचं, म्हणजे गिट ज्याचा इतिहास ठेवतं त्या फोल्डरचं, मूळ कुठे आहे ते ही कमांड सांगते.

मूळ तुमच्या फोल्डरच्या वर निघालं, म्हणजे तुम्ही आतला उपफोल्डर उघडला आहे. व्हीएस कोडमध्ये 'गिट.ओपनरिपॉझिटरीइनपेरेंटफोल्डर्स' हे सेटिंग 'ऑलवेज' करा, किंवा सरळ मूळ फोल्डर उघडा. रिपॉझिटरी उलट खूप आत असेल तर 'गिट.रिपॉझिटरीस्कॅनमॅक्सडेप्थ' वाढवा. मूळ किंमत १ आहे, म्हणजे एका पातळीपेक्षा खोल ते शोधतच नाही.

'नॉट अ गिट रिपॉझिटरी' असं उत्तर आलं तर कोड कुठून आणला ते आठवा. गिटहबवरून झिप उतरवली असेल तर तिच्यात '.गिट' फोल्डर नसतोच. अशा फोल्डरवर ते बटण दाबलं की इतिहास नसलेली नवी रिपॉझिटरी तयार होते आणि पुढे पुश करताना 'अनरिलेटेड हिस्टरीज'चं लचांड मागे लागतं. शेजारी नवा क्लोन घ्या, बदललेल्या फाइल त्यात कॉपी करा आणि तोच उघडा.

कमांडचं उत्तर बरोबर आहे आणि पॅनेल तरी रिकामं? मग व्हीएस कोडच्या खालच्या पट्टीत 'रिस्ट्रिक्टेड मोड' लिहिलंय का बघा. फोल्डरवर विश्वास असल्याचं तुम्ही सांगेपर्यंत गिटचं एक्स्टेन्शन बंदच राहतं. इंटेलिजेत 'डिरेक्टरी मॅपिंग्ज' तपासा: तिथे दुसऱ्या कुणाच्या मशीनवरचा मार्ग किंवा 'नन' नोंदलेलं असतं. ही नोंद '.आयडिया' फोल्डरमधल्या 'व्हीसीएस.एक्सएमएल'मध्ये असते आणि ती फाइल कमिट झालेली असेल तर चूक सगळ्या टीमला वाटली जाते. व्हिज्युअल स्टुडिओत 'टूल्स', 'ऑप्शन्स', 'सोर्स कंट्रोल', 'प्लग-इन सिलेक्शन' असं जाऊन 'गिट' निवडलेलं असल्याची खात्री करा. 'नन' असेल तर गिटचे मेन्यूच दिसणार नाहीत.

प्रश्न: 'डिटेक्टेड ड्युबियस ओनरशिप' असा संदेश येतो. नेटवर कुणीतरी सुचवलेली ताऱ्याची कमांड ('सेफ.डिरेक्टरी'ला मार्गाऐवजी '*' देणारी) चालवली आणि संदेश गेला. हे सुरक्षित आहे का?

तुमच्या लॅपटॉपवर नाही. कारण समजून घ्या.

१२ एप्रिल २०२२ रोजी आलेल्या गिट २.३५.२ पासून फोल्डरचा मालक आणि गिट चालवणारा यूजर एकच आहेत का, हे तपासलं जातं. रिपॉझिटरीच्या आतल्या कॉन्फिग फाइलमध्ये अशा नोंदी करता येतात की गिट त्या वाचून दुसरा प्रोग्रॅम चालवतं, 'कोअर.एफएसमॉनिटर' त्यातलीच एक. 'गिट स्टेटस' एवढं साधं काही केलं तरी ती नोंद कामाला लागते. टर्मिनलमध्ये निदान कमांड तुम्ही स्वतः टाइप करता. एडिटर तर फोल्डर उघडताच, तुम्ही काहीही न दाबता, 'स्टेटस' चालवतो. दुसऱ्या कुणी ठेवलेला फोल्डर नुसता उघडल्याने त्याचा प्रोग्रॅम तुमच्या नावाने चालू नये, एवढ्यासाठी ही तपासणी आहे. तारा दिला की ती तुमच्यासाठी सगळ्याच फोल्डरांवर बंद होते.

आधी मालकी का बिघडली ते शोधा. लिनक्सवर एखाद्या वेळी 'सुडो' लावून क्लोन केलेला असतो. मग फोल्डरचा मालक रूट. तिथे 'चओन -आर' (मोठा 'आर') करून मालकी स्वतःकडे घ्या, कॉन्फिगला हात लावायची गरजच नाही. जुन्या विंडोज मशीनमधली डिस्क नव्याला जोडली असेल तर फाइलींवर जुन्या यूजरची ओळख राहते. फोल्डरच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'सिक्युरिटी', मग 'ॲडव्हान्स्ड' इथून मालक बदला. एक्सफॅट फॉरमॅटच्या पेनड्राइव्हवर मालकीची नोंदच होत नाही आणि नेटवर्क शेअरवर मालक भलताच दिसतो. अशा ठिकाणी मात्र अपवाद करावा लागतो.

अपवाद एकाच फोल्डरपुरता करा. गिटच्या संदेशाखालीच तयार ओळ छापलेली असते: 'गिट कॉन्फिग --ग्लोबल --ॲड सेफ.डिरेक्टरी' आणि पुढे मार्ग. ती लॉगमधून जशीच्या तशी उचला. नेटवर्क शेअरसाठी मार्गाआधी एक विचित्र दिसणारा उपसर्ग लागतो. हाताने लिहिताना तो हमखास चुकतो. व्हीएस कोडमध्ये 'मॅनेज अनसेफ रिपॉझिटरीज' या बटणाने हेच काम होतं. आधी दिलेला तारा काढायला 'गिट कॉन्फिग --ग्लोबल --एडिट' करून 'सेफ' विभागातली ती ओळ पुसा.

हे सेटिंग रिपॉझिटरीच्या स्वतःच्या कॉन्फिगमध्ये लिहून उपयोग नाही. तिथलं गिट वाचूनही मानत नाही, आणि ते योग्यच आहे; नाहीतर चोरानेच स्वतःला दाखला दिल्यासारखं होईल. डॉकर कंटेनरमध्ये काम करत असाल तर कंटेनरची ग्लोबल कॉन्फिग वेगळी असते आणि कंटेनर नव्याने बांधला की ती जाते. ती ओळ इमेजच्या डॉकरफाइलमध्ये '--सिस्टम' लावून टाका. तिथे आत फक्त तुमचा कोड असेल तर तारा चालून जाईल.

प्रश्न: 'टू मेनी ॲक्टिव्ह चेंजेस' म्हणून व्हीएस कोड अर्धवट काम करतो. मी तर दोनच फाइल बदलल्या आहेत.

बदल १०,००० च्या वर गेले की व्हीएस कोड मोजणं थांबवतो. मर्यादा वाढवू नका, यादी लहान करा. यादीतल्या एखाद्या फाइलचा मार्ग पाहिला की उलगडा होतो.

मार्गात 'नोड_मॉड्यूल्स', 'टार्गेट' किंवा पायथनच्या 'व्हेन्व्ह'चं नाव दिसलं तर ते '.गिटइग्नोर'मध्ये घाला. आधीच कमिट झालेल्या फाइलींना '.गिटइग्नोर' लागू होत नाही. त्यासाठी 'गिट आरएम -आर --कॅश्ड नोड_मॉड्यूल्स' चालवून कमिट करा. '--कॅश्ड' विसरलात तर डिस्कवरूनही उडतील. आणखी एक इशारा: हा कमिट दुसऱ्यांनी पुल केला की त्यांच्या मशीनवरून त्या फाइली काढल्या जातात, तेव्हा पॅकेज पुन्हा बसवावी लागतील हे टीमला आधी सांगून ठेवा.

मार्ग 'डाउनलोड्स' किंवा 'डॉक्युमेंट्स'मधला निघाला तर होम फोल्डरमध्ये कधीतरी चुकून 'गिट इनिट' झालेलं आहे. तिथे 'गिट लॉग' चालवा. एकही कमिट नसेल तर होममधला '.गिट' फोल्डर काढून टाका. काढण्यापूर्वी तो प्रोजेक्टचा नसून होमचाच आहे, याची '--शो-टॉपलेव्हल'ने खात्री करा.

प्रश्न: काहीही न बदलता पाचशे फाइल 'मॉडिफाइड' दिसतात. डिस्कार्ड केल्या तरी परत येतात. डिफमध्ये दोन्ही बाजू सारख्याच.

दोन बाजू सारख्या दिसतात कारण एडिटर ओळीच्या शेवटची अदृश्य चिन्हं दाखवत नाही. टर्मिनलमध्ये एका फाइलचा 'गिट डिफ' घ्या.

'ओल्ड मोड १००६४४, न्यू मोड १००७५५' अशा दोनच ओळी आल्या तर मजकूर तसाच आहे, फक्त 'चालवता येण्याची' परवानगी बदललेली दिसते आहे. विंडोजच्या डिस्कवरच्या फाइल लिनक्सच्या गिटने वाचल्या की असं होतं. त्याच रिपॉझिटरीत 'गिट कॉन्फिग कोअर.फाइलमोड फॉल्स' करा. ग्लोबल करू नका. क्लोन करताना प्रत्येक रिपॉझिटरीच्या कॉन्फिगमध्ये ही किंमत वेगळी लिहिली जाते आणि ती ग्लोबलला भारी पडते.

डिफमध्ये पूर्ण फाइल एकदा लाल आणि एकदा हिरवी येत असेल तर ओळींच्या शेवटाचा घोळ आहे. 'गिट एलएस-फाइल्स --ईओएल' चालवा. प्रत्येक फाइलपुढे तीन रकाने येतात: पहिल्यात रिपॉझिटरीतलं रूप, दुसऱ्यात डिस्कवरचं, तिसऱ्यात लागू असलेला नियम. पहिल्या रकान्यात 'सीआरएलएफ' आणि तिसऱ्यात 'टेक्स्ट' किंवा 'ईओएल=एलएफ' असं दिसलं की चोर सापडला. रिपॉझिटरीत फाइल विंडोजच्या शेवटांनी शिरली आहे, नियम मात्र 'एलएफ' हवं म्हणतो. डिस्कार्ड केल्यावर गिट फाइल परत आणतं, नियमाप्रमाणे तपासतं आणि पुन्हा 'बदललेली' ठरवतं. कितीही वेळा डिस्कार्ड करा, उपयोग शून्य.

उपाय एकदाच आणि टीमसाठी करायचा. आपलं चालू काम आधी कमिट किंवा स्टॅश करा (स्टॅश म्हणजे तात्पुरतं बाजूला ठेवणं). रिपॉझिटरीच्या मुळाशी '.गिटॲट्रिब्यूट्स' फाइल ठेवा. पहिली ओळ: तारा, मग 'टेक्स्ट=ऑटो'. शेल स्क्रिप्टसाठी '*.एसएच टेक्स्ट ईओएल=एलएफ', बॅच फाइलींसाठी '*.बॅट टेक्स्ट ईओएल=सीआरएलएफ'. मग 'गिट ॲड --रीनॉर्मलाइझ .' आणि एकच स्वतंत्र कमिट. त्यात दुसरा कुठलाही बदल मिसळू नका, नाहीतर तो शोधणाऱ्याचे हाल होतात. हा कमिट मोठा असतो आणि उघड्या ब्रँचशी भिडतो, म्हणून मर्ज बहुतेक आटोपलेले असतील असा दिवस निवडा.

'कोअर.ऑटोसीआरएलएफ' प्रत्येकाने आपापल्या मशीनवर लावावं, हा जुना सल्ला आम्हाला पटत नाही. एकाने विसरलं की पुन्हा तेच. '.गिटॲट्रिब्यूट्स' रिपॉझिटरीबरोबर फिरते आणि वैयक्तिक सेटिंगपेक्षा वरचढ ठरते.

डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय) वापरणाऱ्यांसाठी एक जास्तीची सूचना. लिनक्सच्या बाजूचा फोल्डर विंडोजच्या एडिटरमध्ये नेटवर्कच्या मार्गाने उघडला की एडिटर विंडोजचं गिट चालवतो आणि टर्मिनल लिनक्सचं. एकाच फोल्डरवर दोन गिट, दोन कॉन्फिग. मोड आणि ओळींचे शेवट, दोन्ही भांडणं इथूनच सुरू होतात. व्हीएस कोडमध्ये डब्ल्यूएसएलचं एक्स्टेन्शन टाका आणि लिनक्सच्या टर्मिनलमधून 'कोड .' करा.

प्रश्न: पासवर्ड बरोबर असूनही गिटहबवर पुश होत नाही. दुसऱ्या एका रिपॉझिटरीला तर 'रिपॉझिटरी नॉट फाउंड' येतं, जी ब्राउझरमध्ये समोर दिसते आहे!

पहिल्याचं कारण साधं आहे: १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटहब गिटच्या कामांसाठी खात्याचा पासवर्ड घेतच नाही. टोकन (पासवर्डऐवजी द्यायचा, गिटहबवर तयार केलेला संकेत) लागतं किंवा एसएसएच की. विंडोजच्या गिटबरोबर येणारा क्रेडेन्शियल मॅनेजर ब्राउझर उघडून साइन-इन करून घेतो. तो असेल तर तोच वापरा. जुना साठवलेला पासवर्ड आधी काढा: कंट्रोल पॅनेलमधल्या 'क्रेडेन्शियल मॅनेजर'मध्ये 'विंडोज क्रेडेन्शियल्स'खाली 'गिट' आणि गिटहबचा पत्ता असलेली नोंद. मॅकवर ती 'कीचेन'मध्ये असते. इंटेलिजे आपली खाती वेगळी ठेवतो. 'व्हर्जन कंट्रोल' खालच्या 'गिटहब'मध्ये ती पाहा. टर्मिनल चालतं आणि इंटेलिजे चालत नाही, अशी तक्रार असेल तर गिटच्या पानावरचं 'यूज क्रेडेन्शियल हेल्पर' निवडून बघा.

दुसरा संदेश फसवा आहे. खासगी रिपॉझिटरीवर तुमचा हक्क नसेल तर गिटहब 'परवानगी नाही' असं न म्हणता 'सापडली नाही' म्हणतं, म्हणजे ती आहे हेही परक्याला कळू नये. ब्राउझरमध्ये तुम्ही कामाच्या खात्याने आत आहात आणि एडिटर वैयक्तिक खात्याचं टोकन पाठवतो आहे. रिमोटच्या पत्त्यात यूजरनेम आणि '@' घाला, 'गिट रिमोट सेट-यूआरएल ओरिजिन' वापरून. मग दोन खात्यांच्या नोंदी वेगळ्या राहतात.

सगळं पुश होतं, फक्त '.गिटहब/वर्कफ्लोज'मधली फाइल असली की नकार येतो, असं असेल तर टोकनला 'वर्कफ्लो' हा अधिकार दिलेला नाही.

प्रश्न: एसएसएच की टर्मिनलमध्ये चालते. एडिटरमधून 'परमिशन डिनाइड (पब्लिककी)'.

विंडोजवर बहुधा दोन एसएसएच असतात: एक विंडोजचं, 'सिस्टम३२'च्या आतल्या 'ओपनएसएसएच' फोल्डरमधलं, आणि दुसरं गिटने सोबत आणलेलं. दोघांचे एजंट (की सांभाळून ठेवणारे प्रोग्रॅम) वेगळे, एकाला दुसऱ्याकडची की दिसत नाही. त्यामुळे पॉवरशेलमध्ये 'एसएसएच -टी' चालवून गिटहबचं 'हाय' मिळवलं तरी एडिटरबद्दल काहीच सिद्ध होत नाही. ती चाचणी विंडोजच्या एसएसएचची झाली. 'गिट एलएस-रिमोट' चालवा, कारण ते गिटला माहीत असलेलं एसएसएच वापरतं.

एकच एसएसएच ठेवा. 'गिट कॉन्फिग --ग्लोबल कोअर.एसएसएचकमांड' मध्ये विंडोजच्या 'एसएसएच.ईएक्सई'चा पूर्ण मार्ग सरळ तिरक्या रेघांनी द्या. मग ॲडमिन म्हणून पॉवरशेल उघडून 'सेट-सर्व्हिस एसएसएच-एजंट -स्टार्टअपटाइप ऑटोमॅटिक' आणि 'स्टार्ट-सर्व्हिस एसएसएच-एजंट'. ही सर्व्हिस मुळात बंद असते. शेवटी नेहमीच्या, ॲडमिन नसलेल्या खिडकीत 'एसएसएच-ॲड' आणि कीचा मार्ग. एडिटर बंद करून उघडा.

लिनक्स आणि मॅकवर एजंटचा पत्ता 'एसएसएच_ऑथ_सॉक' या व्हेरिएबलमध्ये असतो. एजंट तुम्ही टर्मिनलच्या स्टार्टअप फाइलमधून सुरू करत असाल तर मेन्यूतून उघडलेल्या एडिटरला तो पत्ता मिळेलच असं नाही. मॅकवर '.एसएसएच/कॉन्फिग'मध्ये 'ॲडकीजटूएजंट येस' आणि 'यूजकीचेन येस' लिहा.

संदेश 'होस्ट की व्हेरिफिकेशन फेल्ड' असा असेल तर रोग निराळा. पहिल्या जोडणीला एसएसएच 'येस की नो' विचारतं आणि एडिटरमध्ये ते विचारायला जागा नसते. टर्मिनलमधून एकदा जोडणी करा, दिसणारा फिंगरप्रिंट गिटहबने जाहीर केलेल्याशी ताडून पाहा आणि मगच 'येस' म्हणा. गिटहबने आपली आरएसए होस्ट की २४ मार्च २०२३ रोजी बदलली. जुन्या मशीनवर ती अडकून असेल तर 'एसएसएच-कीजेन -आर' आणि पुढे होस्टचं नाव देऊन जुनी नोंद काढा. इथला 'आर' मोठा आहे.

प्रश्न: कमिटचं बटण दाबलं की 'एनपीएक्स: कमांड नॉट फाउंड'. टर्मिनलमधून कमिट होतो.

कमिटच्या आधी चालणारा हुक (गिट आपोआप चालवतं ती स्क्रिप्ट) नोड शोधतो आहे. नोड तुम्ही एनव्हीएमने (नोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) बसवलेलं आहे आणि एनव्हीएम पाथमध्ये भर घालतं ते फक्त शेलची स्टार्टअप फाइल चालली तर. हस्की (हुक बसवून देणारं साधन) वापरत असाल तर होममधल्या '.कॉन्फिग/हस्की/इनिट.एसएच' या फाइलमध्ये एनव्हीएम लोड करणाऱ्या दोन ओळी टाका. हुक चालण्याआधी ती वाचली जाते. हस्की नसेल तर त्याच ओळी हुकच्या वरच्या भागात. '--नो-व्हेरिफाय' लावून हुक टाळण्याची सवय मात्र लावून घेऊ नका. त्याच तपासण्या सर्व्हरवर पुन्हा अडवतात, फक्त उशिरा.

प्रश्न: एक्लिप्समध्ये कॉन्फिग बदलूनही फरक पडत नाही.

एक्लिप्समधलं ईगिट तुमचं गिट वापरतच नाही. ते जेगिट या जावात लिहिलेल्या स्वतंत्र लायब्ररीवर चालतं. क्रेडेन्शियल मॅनेजरमधला पासवर्ड त्याला दिसत नसेल तर एक्लिप्सच्या 'सिक्युअर स्टोरेज'मधली जुनी नोंद काढून नवीन टोकन द्या. प्रोजेक्टवर राइट क्लिक करून 'टीम', 'शेअर प्रोजेक्ट' केल्याशिवाय बाकीचे मेन्यू उगवत नाहीत, हेही तपासा.

प्रश्न: 'इंडेक्स.लॉक' फाइल आहे, दुसरं गिट चालू आहे, असं म्हणतं. फाइल सरळ उडवू का?

आधी दुसरं गिट खरंच चालू आहे का ते पाहा: विंडोजवर टास्क मॅनेजर, इतरत्र 'पीग्रेप -एल गिट'. टर्मिनलमध्ये रीबेस अर्धवट सोडून कमिट मेसेजचा एडिटर उघडा ठेवलेला असतो, तेव्हा तो आधी पूर्ण करा. काहीच चालू नसेल आणि फाइलची वेळ जुनी असेल तर '.गिट'मधली 'इंडेक्स.लॉक' काढा, तेवढीच. शेजारची 'इंडेक्स' नको. सबमॉड्यूलची लॉक फाइल मुख्य रिपॉझिटरीच्या '.गिट/मॉड्यूल्स'खाली असते.

हे रोज होत असेल तर रिपॉझिटरी वनड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्सच्या फोल्डरमध्ये आहे का बघा. सिंक करणारा प्रोग्रॅम '.गिट'मधल्या फाइल मध्येच उघडतो आणि कधी दुसऱ्या मशीनवरच्या जुन्या प्रतीही आणून टाकतो. तिथे लॉक ही सगळ्यात सौम्य तक्रार असते. फोल्डर हलवण्याऐवजी बाहेर नवा क्लोन घ्या, पुश न झालेल्या ब्रँच आधी पुश करून, आणि स्टॅशमध्ये काही राहिलं असेल तर 'गिट स्टॅश लिस्ट'ने पाहून तेही ब्रँचवर काढून घ्या. स्टॅश क्लोनबरोबर येत नाही.